ब्रिटनमधील छोट्या व्यवसायासाठी ॲप-आधारित बँक खाते कसे निवडावे

हॅरोमध्ये घरून डबे पुरवणारी उद्योजिका, मिल्टन कीन्समध्ये स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत सॉफ्टवेअरची कामे घेणारा कंत्राटदार आणि सोलापुरी चादरी मागवून लेस्टरमध्ये विकणारा व्यापारी, या तिघांना तुलनेची कोष्टके बहुधा एकच खाते सुचवतात, कारण त्या कोष्टकांचा पहिला रकाना मासिक शुल्काचा असतो आणि बऱ्याच ॲप-आधारित खात्यांसमोर तिथे शून्य लिहिलेले असते. प्रत्यक्षात पहिलीकडे रोख रक्कम जमते, दुसऱ्याकडे महिन्याला एक-दोन मोठ्या रकमा येतात आणि तिसऱ्याला दर महिन्याला भारतात पैसे पाठवावे लागतात, त्यामुळे एकाला स्वस्त पडणारे खाते दुसऱ्याला चांगलेच महाग पडू शकते. म्हणून खाते निवडताना दोन प्रश्नांची उत्तरे सर्वांत आधी शोधावीत, असे माझे ठाम मत आहे. आपल्या व्यवसायातला पैसा कोणत्या वाटेने येतो आणि जातो, हा पहिला प्रश्न; आणि खात्यात पडून असलेला पैसा कायद्याने कोणाकडे असतो, हा दुसरा. बाकीच्या सोयी-गैरसोयी त्यानंतर पाहाव्यात.

व्यवसायाचे स्वतंत्र खाते हवेच का

लिमिटेड कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते आणि तिचा पैसा संचालकाचा वैयक्तिक पैसा नसतो, त्यामुळे तिच्या नावाचे वेगळे खाते व्यवहारतः अनिवार्यच असते. सोल ट्रेडरवर, म्हणजे स्वतःच्या नावाने एकट्याने व्यवसाय करणाऱ्यावर, अशी कायदेशीर सक्ती नाही. मात्र अनेक बँका वैयक्तिक खात्याच्या अटींतच व्यावसायिक वापराला मनाई करतात, आणि किराणा, घरभाडे, ग्राहकांचे पैसे हे सारे एकाच खात्यात मिसळले की वर्षअखेरीस कराचा हिशेब मांडणे फार त्रासाचे होते. व्यवसाय अगदी लहान असला तरी पहिल्या दिवसापासून खाते वेगळे ठेवावे.

भारतातून आलेल्यांनी खात्याचा अर्ज करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे आपल्या व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी आहे की नाही. स्टुडंट व्हिसावर ती नसते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर असते. स्किल्ड वर्कर व्हिसावरील व्यक्तीने जोडधंदा सुरू करण्याआधी स्वतःच्या व्हिसाच्या अटी नीट वाचाव्यात, कारण बँकेने खाते उघडून दिले याचा अर्थ गृहखात्याने परवानगी दिली असा होत नाही.

पहिली पायरी: पैशाची वाट कागदावर मांडणे

मागच्या तीन महिन्यांचे व्यवहार समोर घ्यावेत. व्यवसाय नवा असेल तर पुढच्या तीन महिन्यांचा प्रामाणिक अंदाज करावा. ग्राहक पैसे कसे देतात, म्हणजे कार्डने, बँक ट्रान्सफरने, रोखीने की चेकने, आणि महिन्याला अशा किती जमा होतात, हे लिहून काढावे. त्याखाली बाहेर जाणारे पैसे लिहावेत: पुरवठादारांना होणारी ट्रान्सफर, भाडे आणि विम्याचे डायरेक्ट डेबिट (खात्यातून परस्पर वळत्या होणाऱ्या रकमा), नोकरांचे पगार, एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे भरायचा कर, परदेशी रवाना होणारी रक्कम. खात्यात साधारण किती शिल्लक राहते आणि खाते किती जण हाताळणार आहेत, हेही नोंदवावे. हा कागद तयार करायला तासभर लागतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तो हाताशी असावा लागतो.

दुसरी पायरी: पैसा कायद्याने कोणाकडे असतो

ॲप उघडल्यावर सगळी खाती सारखीच दिसतात. बँक ओळखण्याचा सॉर्ट कोड असतो, आठ अंकी खाते क्रमांक असतो, रंगीत कार्ड असते. परंतु त्यामागे तीन वेगवेगळ्या कायदेशीर व्यवस्था असू शकतात.

पहिल्या प्रकारात ॲप चालवणारी कंपनी स्वतःच परवानाधारक बँक असते. स्टार्लिंग आणि मोन्झो या त्या प्रकारच्या. मेटल हे नॅटवेस्टचे स्वतःचे ॲप असल्यामुळे तेही याच गटात येते. दुसऱ्या प्रकारात ॲप एका कंपनीचे आणि खाते दुसऱ्या बँकेकडे असते. टाइड स्वतः बँक नाही. तिच्यामार्फत उघडणारी बँक खाती क्लिअरबँकेकडे असतात. तिसऱ्या प्रकारात ई-मनी संस्था येतात, ज्यांना ग्राहकांचे पैसे स्वीकारण्याची आणि पाठवण्याची परवानगी असते, पण त्यांच्याकडील रक्कम बँकेतील ठेव मानली जात नाही. वाइज हे त्याचे परिचित उदाहरण. रेव्होल्यूट बरीच वर्षे ब्रिटनमध्ये ई-मनी संस्था म्हणूनच काम करत होती आणि जुलै २०२४ मध्ये तिला निर्बंधांसह बँकेचा परवाना मिळाला. म्हणून तिथे खाते उघडताना आपला करार रेव्होल्यूटच्या नेमक्या कोणत्या कंपनीशी होत आहे, हे अटींच्या पहिल्या पानावर वाचून घ्यावे.

हा फरक संस्था बुडाल्यावर कळतो. बँक बुडाली तर फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम, म्हणजे एफएससीएस, पात्र ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत करते. ही मर्यादा पूर्वी ८५ हजार पौंड होती आणि १ डिसेंबर २०२५ पासून ती १ लाख २० हजार पौंड झाली आहे. मर्यादा प्रत्येक परवानाधारक बँकेमागे मोजली जाते, प्रत्येक ॲपमागे नव्हे. त्यामुळे दोन वेगळ्या ॲपमधली आपली खाती एकाच बँकेकडे असतील तर दोन्हींतील रक्कम एकत्र धरली जाते. सोल ट्रेडरच्या बाबतीत तर वैयक्तिक आणि व्यावसायिक शिल्लकही एकत्रच मोजतात, कारण कायद्याने माणूस एकच असतो. लिमिटेड कंपनीला मात्र तिचे स्वतःचे वेगळे संरक्षण मिळते.

ई-मनी संस्थेला हे संरक्षण लागू नसते. ग्राहकांचे पैसे तिने स्वतःच्या पैशांपासून वेगळे राखून ठेवावेत, असा नियम आहे. तो चांगला असला तरी त्याची अंमलबजावणी नेहमीच चोख झालेली नाही: २०१८ ते २०२३ या काळात दिवाळखोरीत गेलेल्या संस्थांमध्ये ग्राहकांच्या पैशांची तूट सरासरी ६५ टक्के होती, असे या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, म्हणजे एफसीएने, स्वतःच नोंदवले आहे. त्यानंतर नियम कडक करण्यात आले असून लेखापरीक्षण आणि दरमहा अहवालाच्या नव्या अटी मे २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. जून २०२० मध्ये जर्मनीतील वायरकार्ड कोसळली, तेव्हा एफसीएने तिच्या ब्रिटिश उपकंपनीचे कामकाज काही दिवस थांबवले आणि तिच्यावर विसंबून असलेल्या अनेक ॲपच्या ग्राहकांना त्या दिवसांत स्वतःचे पैसे वापरता आले नाहीत. छोट्या व्यवसायांसाठीचे ॲना हे ॲपही त्यांत होते. पैसे शेवटी सुरक्षित राहिले. पण ज्याला त्याच आठवड्यात पगार वाटायचे होते, त्याची अडचण त्यामुळे टळली नाही.

म्हणून अर्जाआधी एफसीएच्या फायनान्शियल सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये कंपनीचे नाव शोधावे. संकेतस्थळाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतील नोंदणी क्रमांक तिथल्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. नोंद बँक म्हणून असेल तर ठेवी स्वीकारण्याची परवानगी दिसेल. ‘इलेक्ट्रॉनिक मनी रेग्युलेशन्स २०११’ खाली असेल तर ती ई-मनी संस्था आहे. माझा सल्ला असा की, मुख्य खाते परवानाधारक बँकेकडे असावे आणि ई-मनी खाते परदेशी व्यवहारांसारख्या ठरावीक कामापुरते ठेवून त्यात गरजेपेक्षा जास्त शिल्लक राहू देऊ नये.

तिसरी पायरी: शुल्काचा स्वतःच्या आकड्यांनी हिशेब

शून्य मासिक शुल्काचे खाते चालवणारी संस्था आपला खर्च दुसऱ्या कुठूनतरी भरून काढत असते, आणि ते ‘दुसरे कुठूनतरी’ नेमके आपल्या नेहमीच्या व्यवहारात तर नाही ना, एवढेच शोधायचे असते. समजा, एका खात्याला मासिक शुल्क नाही, पण प्रत्येक ट्रान्सफरला २० पेन्स पडतात. कंत्राटदाराच्या महिन्याला दहा ट्रान्सफर होत असतील तर त्याला २ पौंड लागतील आणि ते नगण्य आहेत. ज्याच्या येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून १५० ट्रान्सफर होतात, त्याला मात्र महिन्याला ३० पौंड, म्हणजे वर्षाला ३६० पौंड मोजावे लागतील. त्यापेक्षा महिन्याला १० पौंड घेऊन ट्रान्सफर मोफत देणारे खाते त्याच्यासाठी सरळसरळ स्वस्त.

रोख रकमेच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते, कारण या बँकांना स्वतःच्या शाखा नसतात. रोख भरणा पोस्ट ऑफिसात किंवा दुकानांतील पेपॉइंटच्या केंद्रांवर करावा लागतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी शुल्क असते. समजा, ते भरलेल्या रकमेच्या ०.७ टक्के, पण किमान ३ पौंड आहे. डब्यांच्या व्यवसायात आठवड्याला ४०० पौंड रोख जमत असतील, तर ०.७ टक्क्याने २ पौंड ८० पेन्स होतात, म्हणून किमान ३ पौंड द्यावे लागतात, आणि वर्षाचे ५२ भरणे मिळून १५६ पौंड होतात. हीच रक्कम पंधरवड्याला एकदा भरली तर खर्च सुमारे १४६ पौंडांवर येतो, म्हणजे बचत किरकोळ, आणि त्यासाठी घरात दुप्पट रोकड ठेवावी लागते. असा हिशेब केला की पंधरा दिवस थांबण्यात अर्थ नाही, हे आपोआप कळते. काही खात्यांत एका वेळी किंवा सहा महिन्यांत किती रोख भरता येईल, यावर कमाल मर्यादाही असते, आणि ज्याची विक्रीच रोखीवर चालते त्याच्यासाठी ती मर्यादा शुल्कापेक्षा महत्त्वाची ठरते. रोखीचा व्यवसाय मोठा असेल तर जवळ शाखा असलेली जुन्या पद्धतीची बँक अजूनही योग्य ठरू शकते, हे मान्य करायला हवे.

चेक घेत असाल तर तो ॲपवर फोटो काढून भरता येतो का आणि किती रकमेपर्यंत, हे विचारावे. ओव्हरड्राफ्ट किंवा कर्ज लवकरच लागणार असेल तर ते त्या संस्थेकडे मुळात मिळते का, हेही आधीच पाहावे, कारण ई-मनी खात्यांवर सहसा ओव्हरड्राफ्ट नसतो.

भारताशी व्यवहार असेल तर

परदेशी पैसे पाठवताना जाहीर केलेले शुल्क छोटे असते आणि खरा खर्च विनिमय दरात दडलेला असतो. सोलापूरला दरमहा ५ हजार पौंडांइतकी रक्कम पाठवणाऱ्याला बाजारातील खरेदी-विक्रीच्या दरांमधल्या मध्य दरापेक्षा २ टक्के कमी दर मिळाला, तर महिन्याला १०० पौंड गेले. अर्धा टक्का कमी मिळाला, तर २५ पौंड. म्हणून एकाच दिवशी, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी तीच रक्कम टाकून शेवटी पुरवठादाराच्या हाती किती रुपये पडतात, एवढाच आकडा ताडून पाहावा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुरवठादाराला विचारायची असते. भारतातील निर्यातदाराला मालाचे पैसे परदेशातून आल्याचा पुरावा त्याच्या बँकेकडून घ्यावा लागतो आणि रक्कम कशासाठी आली याचा पर्पज कोड नोंदवावा लागतो. काही सेवा भारतातील स्थानिक व्यवस्थेतून रुपये जमा करतात, आणि मग निर्यातीचे कागद पूर्ण करताना पुरवठादाराची बँक अडचणी काढू शकते. त्यामुळे त्याच्या बँकेला कोणत्या मार्गाने आलेला पैसा निर्यातीचा म्हणून मान्य आहे, हे ठरल्यानंतरच सेवा निवडावी. दोन पैसे वाचवण्याच्या नादात समोरच्याचा कागद अडकला तर पुढची खेप उशिरा निघते.

हिशेब आणि कर

ॲप-आधारित खात्यांचे खरे बलस्थान इथे आहे. ‘मेकिंग टॅक्स डिजिटल फॉर इन्कम टॅक्स’ ही योजना ६ एप्रिल २०२६ पासून व्यवसाय आणि घरभाडे मिळून ५० हजार पौंडांहून अधिक ढोबळ (खर्च वजा करण्याआधीचे) उत्पन्न असलेल्या सोल ट्रेडर व घरमालकांना लागू होत असून, २०२७ मध्ये ही मर्यादा ३० हजारांवर आणि २०२८ मध्ये २० हजारांवर येणार आहे. त्यात डिजिटल नोंदी ठेवणे आणि दर तिमाहीला सॉफ्टवेअरमार्फत एचएमआरसीला माहिती पाठवणे बंधनकारक आहे. म्हणून झीरो (Xero), क्विकबुक्स किंवा फ्रीएजंट या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपैकी आपला अकाउंटंट जे वापरतो, त्याच्याशी खाते थेट जोडता येते का, हे अकाउंटंटलाच विचारावे. फ्रीएजंट ही नॅटवेस्टच्या मालकीची कंपनी असून मेटल किंवा नॅटवेस्टच्या व्यवसाय खात्यासोबत ते सॉफ्टवेअर काही अटींवर वेगळे शुल्क न देता वापरता येते. ज्याला हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मासिक खर्च टाळायचा आहे, त्याच्यासाठी ही एकच सोय निर्णय फिरवू शकते.

मुख्य शिल्लकीतून कराची रक्कम बाजूला ठेवण्यासाठी स्टार्लिंगमध्ये ‘स्पेस’ आणि मोन्झोमध्ये ‘पॉट’ असतात. येणाऱ्या प्रत्येक रकमेतून ठरावीक टक्के आपोआप वेगळे होतील अशी सोय काही ठिकाणी फक्त सशुल्क योजनेत मिळते. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याने ते शुल्क खुशाल द्यावे.

अर्ज करताना

अर्ज दहा मिनिटांत होतो, ही जाहिरात खरी असू शकते. मंजुरीला लागणारा वेळ आपण दिलेल्या माहितीच्या नेटकेपणावर अवलंबून असतो. आर्थिक गुन्हे रोखण्याच्या व्यवस्थेतील त्रुटींबद्दल एफसीएने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टार्लिंगला सुमारे २ कोटी ९० लाख पौंडांचा, तर जुलै २०२५ मध्ये मोन्झोला सुमारे २ कोटी ११ लाख पौंडांचा दंड केला. अशा कारवायांनंतर कोणतीही बँक संदिग्ध अर्जाकडे काणाडोळा करणार नाही, हे समजून घ्यावे.

मराठी अर्जदारांची सर्वांत जास्त अडवणूक नावावरून होते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या कंपनीज हाउसमध्ये तेवढेच गाळलेले असते आणि विजेच्या बिलावर नुसते आद्याक्षर असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांवर तर दोन वेगळी आडनावे सापडतात. यंत्राला ती तीन वेगळी माणसे वाटतात. अर्जाआधी सर्व ठिकाणी पासपोर्टप्रमाणे नाव करून घ्यावे आणि इनव्हॉइसवर खात्यातील नाव अक्षरशः तसेच छापावे, कारण पैसे पाठवणाऱ्याला खातेधारकाचे नाव जुळते की नाही हे त्याची बँक दाखवते आणि नाव न जुळल्यास बरेच ग्राहक थबकतात.

व्यवसायाचे वर्णन नेमके लिहावे. ‘सल्लासेवा’ किंवा ‘सर्वसाधारण व्यापार’ यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘हॅरोमध्ये घरगुती स्वयंपाकघरातून शाकाहारी डबे तयार करून पोहोचवणे, ग्राहक स्थानिक कुटुंबे, अपेक्षित मासिक उलाढाल अमुक, त्यातील तिसरा हिस्सा रोख’ असे वर्णन केले की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. खाद्यव्यवसायाची नोंदणी सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे करावी लागते. तिचा पुरावा, दोन-तीन इनव्हॉइस किंवा करार आणि संकेतस्थळाचा पत्ता जवळ ठेवावा. कंपनीत दोन संचालक असतील तर दोघांची ओळखपडताळणी होते, आणि त्यांतील एक जण भारतात राहत असेल तर अनेक ॲप-आधारित संस्था अर्जच घेत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे.

खाते गोठले, फोन हरवला, फसवणूक झाली तर

एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर बँक खाते गोठवू शकते, आणि २००२ च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्टमुळे अनेकदा तिला कारण सांगताही येत नाही. ॲपमधील चॅटवर येणारे गोलमोल उत्तर त्यामुळे नेहमी बेपर्वाईचे लक्षण नसते. अचानक मोठी रक्कम येणार असेल तर तिचा करार किंवा इनव्हॉइस तयार ठेवावा आणि बँकेने मागितल्याबरोबर पाठवावा. बँक स्वतःहून खाते बंद करत असेल, तर २८ एप्रिल २०२६ पासून होणाऱ्या नव्या करारांसाठी, गुन्ह्याच्या संशयासारखे अपवाद वगळता, किमान ९० दिवसांची नोटीस आणि लेखी कारण देणे तिला बंधनकारक केले आहे.

तरीही प्रत्येक व्यवसायाने दुसरे खाते उघडून ठेवावे, याबाबत मी आग्रही आहे. ते वेगळ्या परवान्याच्या बँकेत असावे, त्याला मासिक शुल्क नसावे आणि त्यात एका महिन्याचे भाडे व पगार भागतील एवढी रक्कम असावी. महिन्यातून एखादा खरा व्यवहार त्यातून करावा, म्हणजे ते चालू राहते.

फोन हरवल्यास संगणकावरून खाते उघडता येते का, आणि फोनवर माणसाशी बोलता येते का, हे तपासावे. भारतात सुट्टीला जाताना ब्रिटनचे सिम चालू ठेवावे, कारण पडताळणीचे संदेश त्यावरच येतात.

भुलवून पैसे ट्रान्सफर करायला लावणाऱ्या फसवणुकीत ७ ऑक्टोबर २०२४ पासून ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांवर बंधनकारक आहे आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या सूक्ष्म उद्योगांनाही तिचा लाभ मिळतो. मात्र परदेशी पाठवलेल्या पैशांना ती लागू नाही. पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा ईमेल आला, तर जुन्या ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये. तक्रारीचे समाधान झाले नाही, तर छोटे व्यवसाय बँकेच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ओंबड्समन सर्व्हिसकडे विनामूल्य जाऊ शकतात.

खाते बदलताना

नवे खाते उघडल्याबरोबर जुने बंद करू नये. महिनाभर दोन्ही चालवावीत: आधी दोन-तीन परिचित ग्राहकांना नवा क्रमांक द्यावा, एक डायरेक्ट डेबिट हलवून पाहावे, एकदा रोख भरावी आणि ग्राहकसेवेला एक खरा प्रश्न विचारून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. सगळे सुरळीत वाटले की करंट अकाउंट स्विच सर्व्हिसचा मार्ग घ्यावा. दोन्ही संस्था या सेवेत सहभागी असतील, तर सात कामकाजाच्या दिवसांत सर्व डायरेक्ट डेबिट आणि शिल्लक नव्या खात्यात जाते, आणि जुन्या क्रमांकावर येणारे पैसे पुढची तीन वर्षे आपोआप वळवले जातात. स्विच सुरू करण्याच्या आदल्या दिवशी जुन्या खात्याची सर्व स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवावीत, कारण ॲप बंद झाल्यावर ती मिळवणे अवघड जाते आणि सोल ट्रेडरला नोंदी विवरणपत्राच्या ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर किमान पाच वर्षे, तर कंपनीला आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षे जपून ठेवाव्या लागतात.